अकरा साड्या आणि एक वाकळ

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

आई जाऊन दोन वर्षं झाली. गावभागातल्या जुन्या घरी आईच्या ट्रंकेत अकरा साड्या निघाल्या. तीन इरकली नऊवारी, पाच सुती पाचवारी, दोन सिंथेटिक आणि एक रेशमी. पाचवारीतल्या दोन २०१९च्या पुरात भिजलेल्या, त्यांच्यावर गाळाचे डाग राहिलेत. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, नंतर ती बंगळुरूला राहणार. ताईंना या अकराही साड्यांची मिळून एक वाकळ, म्हणजे थरावर थर ठेवून हातानं शिवलेली गोधडी, करून मुलीला द्यायची आहे. आजोळी, तासगावच्या बाजूला, एक मामी आहेत. त्या सुरेख वाकळा शिवतात, पण पैशाचं विचारलं की म्हणतात, "तू काय परकी हाईस व्हय? दे काय द्याचं ते." ऑनलाइन एका ठिकाणी तसल्याच गोधडीचे साडेआठ हजार सांगितले. धाकट्या बहिणीचं म्हणणं, मामींना दोन हजार पुष्कळ झाले, आणि हवं तर मशिनवर शिवून आत फायबर भरू. त्यात आत्याबाईंनी सांगितलंय की गेलेल्या माणसाची वस्त्रं लग्नात देऊ नयेत. "कुठनं सुरुवात करू तेच कळेना," असं ताई लिहितात.

ताई, तुमच्या पत्रात आई आहे, मामी आहेत, बहीण आहे, आत्याबाईसुद्धा आहेत. ज्या मुलीच्या अंगावर ही वाकळ पडायची तिचं एक वाक्यही नाही. तेव्हा आज संध्याकाळी पहिला फोन तिला करा. पलंग केवढा आहे? पंखा लावून झोपते की एसी? कपडे वाळवायला गच्ची आहे की दोन हातांची बाल्कनी? वॉशिंग मशिन किती किलोचं? मग विचारा की ही वाकळ ती रोज अंगावर घेणार की पलंगावर नुसती अंथरणार. वाकळ ट्रंकेतल्या साड्यांवरून ठरवायची नसते, पांघरणाऱ्यावरून ठरवायची असते. बाकी सगळे हिशेब त्यातूनच निघतात, साड्या किती घालायच्या हासुद्धा.

आता तोच हिशेब करू. समजा मुलीचा पलंग ५ फूट बाय साडेसहा फूट आहे आणि दोघांना पुरेल अशी वाकळ हवीय. मग ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब धरा, शिवताना आखडेल ती सोडही त्यातच. पाचवारी साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की ९० इंच झाले. प्रत्येक पट्टी १०० इंच म्हणजे एका थराला २०० इंच, पावणेसतरा फूट कापड. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. थोडक्यात, डबलच्या वाकळेचा एक थर म्हणजे अख्खी एक साडी. वरचा एक, खालचा एक, मधे दोन. चार साड्यांत बंगळुरूच्या थंडीला पुरेशी वाकळ होते. फारच थंडी वाजणारी मुलगी असेल तर मधे आणखी एक.

अकरा घातल्यात तर काय होईल ते घरच्या घरी बघा. साड्या पिशवीत घालून काट्यावर ठेवा. सुती पाचवारी अर्ध्या किलोच्या आसपास भरते, नऊवारी त्याहून जास्त. अकरांचं वजन पाच-सहा किलोंवर जाईल, आणि ते कोरडं. भिजल्यावर ती वाकळ दोघींना पिळायची नाही. आपल्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढतात, नदीवर नाहीतर पाटावर दगडावर आपटून खडकावर वाळत घालतात. तिथं आठ-दहा थरांची वाकळसुद्धा दोन उन्हांत खडखडीत होते. बंगळुरूत चौथ्या मजल्यावर ती तीन दिवस ओली राहील, कुबट वास धरेल, आणि मग पोरगी ती पलंगाच्या पेटीत टाकून देईल.

त्यामुळे अकराचा हट्ट सोडा. आईच्या अकरा साड्यांतून दोन गोष्टी होऊ शकतात, तीनही होतील. नऊवारी २७ फुटांची. त्यातून डबलचा एक थर काढला की दहा फूट उरतात, आणि ६० बाय ९० इंचाच्या सिंगल वाकळेचा एक थर बरोबर दहा फुटांत बसतो. तीन नऊवारींतून डबलचे तीन थर आणि सिंगलचे तीन थर. त्यात एक-दोन पाचवारींची भर घातली की मुलीची वाकळ झाली आणि बहिणीचीही. बहीण मशिन आणि फायबरचं का काढतेय, याचा मला जरा संशय आहे. तिला वाकळेवर बोलायचं नसेल, आईच्या साड्यांतला आपला वाटा मागायचा असेल. कात्री लावायच्या आधी दोघींनी बसून एकेक साडी अख्खी बाजूला काढून ठेवा. रेशमी कोणाला, इरकल कोणाला, ते तिथंच ठरू द्या. (हे पन्ह्याचे आणि लांबीचे आकडे सर्वसाधारण आहेत. जुन्या साडीचा काठ फाटून शिवलेला असतो, पदर कमी झालेला असतो. प्रत्येक साडी टेपने मोजा आणि चिठ्ठी लावून ठेवा.)

साड्या निवडायची रीत सांगते, कारण इथंच बहुतेक वाकळा बिघडतात. साडी दाराच्या उजेडात धरा. घडीच्या रेषेवर कापड आधी विरतं. तिथं जाळी दिसली तर दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकं ताणा. चर्रकन आवाज आला की ते कापड वर घ्यायचं नाही. टाकून मात्र द्यायचं नाही. धड कापड वर आणि खाली, विरलेलं मधे. अंगाला लागणारा मऊपणा त्या मधल्या विरलेल्या थरांमुळेच येतो. सगळी धडधाकट कापडं घेऊन शिवलेली वाकळ पहिली दोन-तीन वर्षं अंगाला ताठच लागते.

सिंथेटिक कुठली आणि सुती कुठली, याची खात्री नसेल तर कडेचे दोन धागे ओढून ताटलीत जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. सिंथेटिक वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. सिंथेटिक मधल्या थरात घातलं तर ते घाम शोषत नाही आणि टाक्याखाली सरकत राहतं. त्या दोन साड्या वाकळेत नकोत. आईच्या अंगावरची आठवण त्याच साडीशी जोडलेली असेल तर एखादा वीतभर तुकडा वर ठिगळ म्हणून लावा, तेवढं चालतं. रेशमी साडी कापू नका. वरचेवर धुतलं जाणारं पांघरूण हे रेशमाचं काम नाही.

इरकलीबद्दल जरा जास्त सांगायला हवं. तिचं अंग बहुधा सुती असतं आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, लाल. तो लाल रंग किती पक्का आहे ते कापण्याआधी बघा. पांढरा रुमाल ओला करून पदरावर दाबून घासा. रुमाल गुलाबी झाला तर तो पदर पांढऱ्या किंवा फिक्या पाचवारीच्या शेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग बसतो असं चार जणी सांगतील, त्या भरवशावर राहू नका. गार पाण्यात ती साडी वेगळी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. काठाचंही तसंच. काठातला धागा अंगाच्या धाग्याहून वेगळा असला तर दोन्ही वेगवेगळे आटतात आणि शिवल्यावर काठाशी चुण्या पडतात. म्हणून मामींकडे न्यायच्या आधी प्रत्येक साडी धुऊन, खळ काढून, वाळवून घ्या. एखादी नवी चादर किंवा मांजरपाट खाली लावायचं ठरलं तर तेही आधी भिजवून घ्या. कोरं कापड नंतर आटलं की अख्खी वाकळ एका बाजूला ओढली जाते.

पुरातल्या दोन साड्या. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा गावभागात कितीकांच्या ट्रंका अशाच बुडाल्या. डाग आता निघणार नाहीत, त्यामागे लागू नका. कापडाचा जीव तपासा, वास तपासा. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकल्यावरही कुबट वास येत असेल तर ती साडी वाकळेबाहेर. वास गेला आणि कापड ताण सहन करत असेल तर मधल्या थरात खुशाल घाला. वर लावायचीच असेल तर डागासकट लावा, कोणी विचारलं तर सांगता येईल.

फायबरचं उत्तर सोपं आहे, नको. आत सुटं काही भरलं की ते धुतल्यावर गोळा होतं. कापूस भरायचा तर पिंजाऱ्याकडून रजई करून घ्यावी, ते काम निराळं आणि रजई पाण्यात घालायची नसते. वाकळेत भर असते ती साडीचीच. मशिनला मात्र माझी पूर्ण ना नाही. दोन पट्ट्या जोडायला दांड घालायचा तो मशिनवर घाला, शिवण मजबूत होते आणि मामींचा वेळ वाचतो. वरचे टाके हातचेच हवेत. जुन्या कापडावर मशिनची बारीक टीप ओळीने भोकं पाडते आणि पुढे कापड त्याच ओळीत फाटतं. दोराही सुती सांगा. नायलॉनचा दोरा कापडाहून चिवट असतो, मुरलेल्या साडीला तो कापत जातो.

आता मामी आणि पैसे. "दे काय द्याचं ते" हे वाक्य प्रेमाचं आहे यात शंका नाही, पण त्यावर सोडलंत तर दोघींची पंचाईत होते. तुम्ही कमी दिलेत तर मामी बोलणार नाहीत आणि पुढच्या वेळी "डोळ्याला दिसत न्हाई गं आता" म्हणतील. जास्त दिलेत तर बहीण ऐकवेल. म्हणून आकडा तुम्ही काढा आणि तुम्हीच बोला.

आकडा असा काढा. मामींना चार थरांचा एक फुटी चौकोन शिवायला सांगा. साडीची चिंधी चालेल. टाक्यांच्या ओळींत अंतर किती ते तिथंच ठरवा आणि घड्याळ बघा. ९० बाय १०० इंचांची वाकळ म्हणजे साडेबासष्ट चौरस फूट. ओळींत इंचभर अंतर ठेवलं तर एकूण साडेसातशे फूट धावदोरा घालावा लागतो. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर दीड हजार फूट. समजा इंचाच्या अंतराने चौकोनाला अर्धा तास लागला, तर वाकळेला एकतीस तास. अर्ध्या इंचाने तेच बासष्ट. ऑनलाइनच्या फोटोत जी दाट टाक्यांची गोधडी बघून तुम्ही भुललात तिच्यात हा दुप्पट वेळ आहे. ऑनलाइनवाल्याचे साडेआठ हजार यासाठीच असतील असं मी म्हणत नाही, पण बहिणीचे दोन हजार कशाचे आहेत तेही तिनं मांडून दाखवावं.

सुईचं काम दिवसाला चार तासांपेक्षा जास्त होत नाही. मान आखडते, बोटं भोसकतात, आणि मामींना बाकी घर आहेच. म्हणून चार तासांना एक रोज धरा. गावात भांगलणीला किंवा द्राक्षबागेत बाईला जो रोज मिळतो तो विचारा, त्याच्या खाली जाऊ नका. एकतीस तासांचे आठ रोज, साड्या जोडायला आणि थर अंथरून कच्चा दोरा घालायला आणखी दोन. झाले दहा. रोज तीनशे धरला तरी तीन हजार झाले, त्यात दोऱ्याचे पैसे वेगळे. हा नुसत्या मजुरीचा हिशेब, मामींच्या हाताचं कसब अजून त्यात आलंच नाही. कसबाचं किती द्यायचं ते तुमच्या मनावर, पण द्या. वाटल्यास लुगडं नेसवा, पण लुगड्यावर मजुरी भागवू नका. आणि निम्मे आधी द्या. "मामी, हा विसार आहे, तुम्ही नाही घेतला तर मी साड्या परत नेते," असं हसत हसत म्हणा. ऐकतील.

नक्षीचं फार ठरवू नका. मुलीनं फोनवर त्रिकोण-चांदण्यांची परदेशी गोधडी पाठवली असेल तर ती मामींपुढे धरू नका. ती फुटपट्टीनं कापलेल्या तुकड्यांची वेगळी विद्या आहे. मामी वितीनं आणि हातानं मापतात, कडेनं सुरुवात करून चौकटीत चौकट घालत मधे येतात. त्यांना तीनच गोष्टी सांगा. मधोमध काय यायला हवं, उशाकडची बाजू कोणती, आणि कुठला तुकडा अजिबात कापायचा नाही. माझं मत विचाराल तर इरकलीचा पदर मधे, काठांची चौकट कडेनं, आणि बाकी मामींना वाटेल तसं. त्यांनी एखादं भडक ठिगळ लावलं तर लावू द्या. मापात मात्र ढिलाई नको. शिवताना वाकळ आखडते, म्हणून चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवायला सांगा आणि कडेचा गोट शेवटी, पुन्हा मोजून लावायला सांगा.

वेळेचं बघा. तासगाव भागात द्राक्षांची फळछाटणी सुरू झाली की बायकांना मान वर करायला सवड नसते. सप्टेंबर उलटला की मामी तुमच्या हाती लागणार नाहीत. आत्ता आषाढ आहे. आठ दिवसांत साड्या धुऊन-मोजून पोचवल्यात तर गणपतीपर्यंत थर अंथरून होतील आणि घटस्थापनेआधी वाकळ हातात येईल. पावसाळी हवेत अंथरलेले थर दमट होतात, तेव्हा सोप्यात कोरडी जागा आहे का ते विचारा. तिथं एवढी मोठी वाकळ पसरलेली राहणार म्हणजे घरातल्यांच्या पायात येणार, त्यांच्या सुनेलाही आधी विचारलेलं बरं.

आत्याबाईंचं राहिलं. त्यांना उलट विचारा की आपल्या घरात जन्मलेल्या पोरांना पहिल्यांदा कशात गुंडाळलं. आजीच्या, पणजीच्या लुगड्याच्या दुपट्यात. तेव्हा त्यातली किती हयात होती कोणी मोजलं नाही. मला स्वतःला यात अशुभ काही दिसत नाही. पण लग्न दोन घरांचं असतं आणि व्याह्यांकडे कोणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. म्हणून वाकळ रुखवतात मांडू नका. लग्न झाल्यावर मुलीच्या सामानात, तिच्या कपड्यांच्या बॅगेत घाला. मुहूर्ताचा प्रश्नच उरत नाही. दिवाळसणापर्यंत थांबायचं असलं तर तेही चालेल, फक्त तोवर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, कडुलिंबाचा वाळका पाला घाला, आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीच्याच रेषेवर ती विरते.

मुलीला धुण्याचं एवढंच सांगा. पहिली दोन धुणी एकटी, गार पाण्यात, कमी पावडर. रात्रभर भिजवायची नाही. वाळत घालताना एका दोरीवर नको, सगळं ओझं मधल्या टाक्यांवर येतं. दोन दोऱ्यांवर पसरून टाकायची, उलटी. टाका उसवला तर लगेच घालायचा. तिला येत नसेल तर तासगावला साड्या पोचवायला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या. मोजायचा टेप, चिठ्ठ्या लावलेल्या साड्या, विसाराचं पाकीट, आणि सुती दोऱ्याची रिळं सांगलीतनंच घ्या, मारुती रोडला चार दुकानं फिरलात तर साड्यांशी जुळणारे रंग मिळतील. सुया मामींच्या असतातच, पण दाभण आणि अंगुस्तान हवंय का ते फोनवर विचारून घ्या.